रेणूचा ठसा आणि बांगड्याची पारख

राजपुरी खाडीच्या मुखाशी, जंजिऱ्यासमोर वसलेल्या आपल्या दिघीत ओहोटीच्या वेळी ओल्या गाळात शिंपला दाबून उचलला, तर त्याचा ठसा मागे राहतो. गाळ वाळल्यावर त्या ठशात तोच, किंवा त्याच घडणीचा शिंपला नेमका बसतो. माजी विद्यार्थी व पालक यांना ज्या रसायनविद्येची ओळख आम्ही येथे करून देत आहोत, तिचे तत्त्व हेच आहे. मात्र तेथे ठसा रेणूचा असतो.

या विद्येचा संबंध आपल्या ताटाशी आहे. बांगडा, कुपा यांसारखे मासे बर्फाविना राहिले की जिवाणू त्यांतील हिस्टिडिनचे हिस्टामिन करतात. त्याने अंगावर चट्टे उठतात, डोके दुखते, उलट्या होतात. हे द्रव्य वासावरून नेहमी कळत नाही आणि शिजवूनही नाहीसे होत नाही.

त्याचा ठसा असा घेतात. विद्रावकात हिस्टामिन आणि रेणुसंख्येने सुमारे चौपट मेथॅक्रिलिक आम्ल मिसळले, की आम्लाचे रेणू हिस्टामिनभोवती आपापली जागा घेतात. मग ही रचना पक्की बांधणारे इथिलिन ग्लायकॉल डायमेथॅक्रिलेट सुमारे वीसपट घालतात. अभिक्रियेस चालना देणारे द्रव्य मिसळून, नायट्रोजनने प्राणवायू घालवून, मिश्रण साधारण ६०° सेल्सिअसला दिवसभर ठेवले, की कठीण बहुवारिक तयार होते. ते कुटून, चाळून, मिथेनॉल व ॲसिटिक आम्लाने धुतले म्हणजे हिस्टामिन निघून जाते आणि त्याच्या आकाराच्या पोकळ्या उरतात. ही पूड क्वार्ट्झच्या कंप पावणाऱ्या चकतीवर बसवतात. माशाच्या अर्कातील हिस्टामिन पोकळ्यांत शिरताच चकतीचे वजन वाढते, कंपनसंख्या घटते आणि त्या घटीवरून प्रमाण कळते.

जर्मनीतील गुंटर वुल्फ यांनी १९७२ मध्ये अशा बहुवारिकांचा पाया घातला. पुढे स्वीडनमधील क्लाउस मोसबाख यांनी वर सांगितलेली सुलभ रीत रूढ केली.

येथे एक दक्षता अनिवार्य असते. हिस्टामिन न घालता तेच बहुवारिक वेगळे करून दोन्हींची तुलना करावी लागते. दोन्हींवर हिस्टामिन सारखेच चिकटले, तर ठसा उमटलाच नाही असे समजावे. धुण्यात कसर राहिली, तर उरलेले हिस्टामिन झिरपून खोटे माप दाखवते.

असे उपकरण धक्क्यावरील मासळी विकणाऱ्या मावशींच्या हाती येईल, तेव्हा या विद्येचे खरे सार्थक होईल. तोवर जाळ्यातून निघालेला बांगडा तत्काळ बर्फात ठेवणे, हाच खात्रीचा उपाय आहे.