अमेरिकेच्या इतिहासाचें क्रमिक पुस्तक कसें निवडावें?

जॉर्ज वॉशिंग्टन व चेरीचें झाड ही गोष्ट आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असते. लहान जॉर्जनें नव्या कुऱ्हाडीनें बापाच्या आवडत्या झाडावर घाव घातले, आणि बापानें विचारतांच खोटें न बोलतां अपराध कबूल केला, असा तिचा सारांश आहे. सत्य बोलण्याचा धडा म्हणून ती सांगितली जाते. परंतु ही गोष्ट स्वतः खरी असल्याचा पुरावा नाहीं. मेसन वीम्स नांवाचे एक पाद्री गांवोगांव पुस्तकें विकीत हिंडत असत. वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरांत वारले, आणि दुसऱ्याच वर्षीं वीम्स यांनीं त्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. त्या पहिल्या आवृत्तींत ही गोष्ट नव्हती. ती १८०६ च्या आवृत्तींत आली, आणि पुढें शाळांच्या वाचनपुस्तकांतून घरोघरीं पोहोंचली. सत्याचें महत्त्व पटविण्यासाठीं एका पाद्र्यानें निराधार गोष्ट वापरावी, यांतील विपरीतपणा लक्षांत घेण्याजोगा आहे. हेतु चांगला होता. पण इतिहासाच्या पुस्तकास केवळ चांगला हेतु पुरत नाहीं.

अमेरिकेचा इतिहास विद्यार्थ्यांस शिकवावयाचा तर पुस्तक कोणतें घ्यावें, या प्रश्नाचा विचार या लेखांत करावयाचा आहे. खुद्द त्या देशांत या प्रश्नावरून किती झगडे झाले, तें प्रथम पाहूं; म्हणजे पुस्तकाची परीक्षा कशी करावी, हें त्यांतूनच उमगेल.

अमेरिकेंत सर्व देशाला मिळून एकच क्रमिक पुस्तक नाहीं. मध्यवर्ती सरकार पुस्तक नेमीत नाहीं. सुमारें वीस राज्यांत राज्याचें मंडळ मान्य पुस्तकांची यादी ठरवितें. इतर ठिकाणीं हें काम स्थानिक शाळामंडळें करितात. प्रकाशक हा अखेर व्यापारी असतो. टेक्सस व कॅलिफोर्निया या राज्यांत विद्यार्थी फार, म्हणून तेथील मंडळांच्या मर्जीकडे त्याचें विशेष लक्ष असतें. २०२० सालीं न्यूयॉर्क टाइम्स या पत्रानें त्या दोन राज्यांतील आठ पुस्तकें शेजारीं ठेवून ताडून पाहिलीं. लेखक तेच, प्रकाशक तोच. तरी दोन राज्यांच्या आवृत्त्यांत मजकूर निराळा आढळला. शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयीं कॅलिफोर्नियाच्या आवृत्तींत एक खुलासा होता, कीं न्यायालयांनीं त्या हक्कावर कांहीं नियंत्रणें मान्य केलीं आहेत. टेक्ससच्या आवृत्तींत त्याच ठिकाणीं कोरा कागद होता! तेव्हां कोणतेंही क्रमिक पुस्तक हातीं घेतांना पहिला प्रश्न हाच विचारावा, कीं हें कोणासाठीं लिहिलें व कोणाच्या संमतीनें छापलें.

सर्वांत मोठा झगडा गुलामगिरी व १८६१ ते १८६५ चें यादवी युद्ध यांविषयीं झाला. युद्ध संपून अर्धशतक उलटल्यावर, १९२० च्या सुमारास, जॉर्जिया राज्यांतील मिल्ड्रेड रदरफर्ड या शिक्षिकाबाईंनीं एक पुस्तिका काढली. क्रमिक पुस्तकें मोजण्याची ती एक मोजपट्टीच होती. दक्षिणेकडील राज्यें गुलाम राखण्यासाठीं लढलीं असें जें पुस्तक म्हणेल, तें नाकारावें. गुलामांचे धनी क्रूर होते असें जें म्हणेल, तेंही नाकारावें. आणि असें पुस्तक ग्रंथालयांत असल्यास त्यावर दक्षिणेस अन्याय करणारें म्हणून शेरा मारावा, असा तिचा उपदेश होता. आतां खरें काय होतें? मिसिसिपी राज्यानें १८६१ सालीं संघराज्यांतून फुटून निघतांना जें जाहीर निवेदन काढलें, त्यांत आपली बाजू गुलामगिरीच्या संस्थेशीं पूर्णपणें निगडित असल्याचें स्वतःच नमूद केलें होतें. आजोबांनीं उघडपणें लिहून ठेविलेली गोष्ट नातवंडांच्या पुस्तकांतून पुसून टाकण्याचा हा उद्योग होता, आणि तो पुष्कळ अंशीं यशस्वी झाला.

याला उत्तर देणारेही निघाले. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकारांनीं १९२६ सालीं आपल्या लोकांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनीं १९३५ सालीं युद्धोत्तर पुनर्घटनेच्या काळावर मोठा ग्रंथ लिहिला, व त्याच्या शेवटच्या प्रकरणांत शाळांतील इतिहासपुस्तकें तपासून, मुक्त झालेल्या गुलामांना त्यांत केवळ अज्ञानी व आळशी कसें रंगविलें आहे, तें दाखवून दिलें. तरीही १९७४ सालीं जेम्स लोवेन व चार्लस सॅलिस यांनीं मिसिसिपीचा नवा शालेय इतिहास तयार केला, तेव्हां राज्याच्या मंडळानें तो नाकारला. जमावानें केलेल्या एका हत्येचें छायाचित्र त्यांत होतें, याचाही आक्षेप निघाला. अखेर लेखक न्यायालयांत गेले, आणि १९८० सालीं निकाल त्यांच्या बाजूनें लागला.

या हकिकतींवरून एक नियम निघतो. ज्या गोष्टीची सांगणाऱ्यास लाज वाटते, ती तो कशी सांगतो, यावरून पुस्तकाची पारख करावी. युद्धांतील विजय व यंत्रांचे शोध कोणत्याही पुस्तकांत बरे सांगितलेले असतात. त्यांवरून निवड होत नाहीं. या नियमास धरून चार कसोट्या येथें देतों.

पहिली कसोटी शब्दांची. क्रियेचा कर्ता वाक्यांत आहे कीं नाहीं, हें पाहावें. गुलाम आणले गेले, जमिनी घेतल्या गेल्या, अशा वाक्यांत आणणारा व घेणारा दडून बसतो. २०१५ सालीं टेक्ससमधील एका भूगोलाच्या पुस्तकांत, आफ्रिकेंतून लक्षावधि कामगार मळ्यांवर काम करण्यासाठीं आणले गेले, अशा अर्थाचा मजकूर निघाला. एका विद्यार्थ्यानें तो आईस दाखविला. तिनें तक्रार केली, आणि प्रकाशकांस चूक मान्य करावी लागली. कामगारास मजुरी मिळते व तो काम सोडूं शकतो. एका शब्दानें केवढा इतिहास झांकला जातो, तें पाहा!

दुसरी कसोटी लिंकनची. लिंकन यांनीं १ जानेवारी १८६३ रोजीं एक जाहीरनामा काढला आणि सर्व गुलाम मुक्त झाले, असें पुष्कळ संक्षिप्त पुस्तकांत असतें. वस्तुतः तो जाहीरनामा बंडखोर प्रदेशांपुरता होता. केंटकी, मेरीलँड इत्यादि जीं गुलाम बाळगणारीं राज्यें संघराज्यांत राहिलीं, त्यांना तो लागू नव्हता. सर्व देशांत गुलामगिरी रद्द झाली ती १८६५ सालच्या तेराव्या घटनादुरुस्तीनें. १८६० च्या खानेसुमारींत गुलामांची संख्या सुमारें ४० लाख होती. त्यांतील हजारों लोक स्वतः मळे सोडून पळाले व सैन्यांत भरती होऊन लढले, हें ज्या पुस्तकांत नाहीं, त्यांत एका थोर पुरुषाचें चित्र आहे, पण लोकांचा इतिहास नाहीं.

तिसरी कसोटी आपल्या महाराष्ट्रांतील मिशन शाळांस जवळची आहे. १८१० सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डानें गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांस पाठविलें, व ते १८१३ सालीं मुंबईस उतरले. अमेरिकन मराठी मिशनचा उगम तो. त्याच बोर्डाचे दुसरे मिशनरी १८१७ पासून अमेरिकेंतील चेरोकी लोकांत काम करूं लागले. ज्या मूळ रहिवाशांस आपल्या जुन्या पुस्तकांत तांबडे इंडियन म्हणत, त्यांपैकीं हे एक राष्ट्र. त्यांच्यांतील सिक्वोया या बुद्धिमान गृहस्थानें स्वभाषेसाठीं लिपि रचली, आणि १८२८ सालीं त्या लिपींत त्यांचें वर्तमानपत्रही निघालें. जॉर्जिया राज्याला त्यांच्या जमिनी हव्या होत्या. राज्याचा परवाना व शपथ घेतल्यावांचून तेथें राहूं नये, हा हुकूम रेव्ह. सॅम्युएल वुस्टर व डॉ. एलायझर बटलर यांनीं मानला नाहीं. तेव्हां १८३१ सालीं त्यांना चार वर्षें सक्तमजुरीची शिक्षा झाली. पुढल्या वर्षीं देशाच्या वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला, कीं चेरोकींच्या प्रदेशांत जॉर्जियाचा कायदा चालत नाहीं. राज्यानें तो निकाल जुमानला नाहीं. १८३८-३९ मध्यें चेरोकींना बळानें पश्चिमेस हांकलण्यांत आलें, आणि नेहमींच्या अंदाजाप्रमाणें सुमारें १६,००० लोकांपैकीं ४,००० मृत्यु पावले.

येथें मला एक कबुली देणें भाग आहे. वुस्टर यांची गोष्ट मीं बरींच वर्षें वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगितली. पण ती तुरुंगाच्या दारापाशींच थांबवीत असें. पुढील भाग असा, कीं निकालानंतर बोर्डानेंच त्यांना खटला सोडून माफी स्वीकारण्याचा सल्ला दिला, आणि १८३३ च्या जानेवारींत ते सुटून आले. त्यामागें राजकारणाचीं व काळजीचीं कारणें होतीं. तरी चेरोकींची बाजू त्यामुळें दुबळी झाली. हा भाग मी कां गाळीत होतों? आपल्या माणसांस कमीपणा येऊं नये म्हणून. मग रदरफर्डबाईंत व माझ्यांत फरक तो काय राहिला? तेव्हांपासून मी ती गोष्ट शेवटपर्यंत सांगतों.

चौथी कसोटी परदेशांतून आलेल्यांची. १८८२ सालीं चिनी मजुरांस देशांत येण्याची बंदी झाली. १९२३ सालीं भगतसिंग थिंड या शीख गृहस्थांस, पहिल्या महायुद्धांत ते अमेरिकन सैन्यांत असूनही, ते गोरे नाहींत या कारणावरून नागरिकत्व नाकारण्यांत आलें. १९४६ च्या कायद्यानें भारतीयांस हें दार उघडलें, आणि दहाच वर्षांनीं दलीपसिंग सौंद हे तेथील प्रतिनिधिगृहावर निवडून आले. चांगल्या पुस्तकांत या दोन्ही गोष्टी सांपडतात.

दोन्ही, असें मी मुद्दाम म्हणतों. कारण याच्या उलट टोंकाचींही पुस्तकें आहेत, ज्यांत केवळ अपराधांची यादी असते. तसें पुस्तकही अपुरेंच. गुलामांस वाट दाखविणारी हॅरिएट टबमन व तुरुंगांतले वुस्टर हे त्याच देशाचे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक, गुलामांस दास्यांतून मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें. त्या देशांतील अन्याय त्यांना ठाऊक होता, म्हणूनच तो मोडणाऱ्यांची थोरवी त्यांना कळली. अपराध लपविला, तर पश्चात्ताप करणारा व लढणारा हे दोघेही दिसेनासे होतात.

पवित्र शास्त्रांतही याचें उदाहरण आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत दावीद राजानें उरीयाचा कसा घात केला, व नाथान संदेष्ट्यानें त्याला तोंडावर कसें दोषी ठरविलें, हें स्पष्ट लिहिलें आहे. त्याच राजाचा वृत्तान्त इतिहासाच्या पहिल्या पुस्तकांत आहे. पण तेथें हें प्रकरण नाहीं. दोन्ही पुस्तकें एकाच ग्रंथांत ठेविलेलीं आहेत, आणि वाचकाला दोन्ही वाचावयाचीं असतात. दाविदाची थोरवी त्यामुळें कमी झाली नाहीं.

आतां व्यवहाराची गोष्ट. एकाच पुस्तकावर विसंबूं नये. घटनांचा क्रम समजण्यासाठीं एक आटोपशीर, अलीकडच्या आवृत्तीचें पुस्तक घ्यावें. राईस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमाचा अमेरिकेचा इतिहास विनामूल्य वाचावयास मिळतो, हें गरीब शाळांना सोईचें आहे. त्याच्या जोडीला मूळ लेख ठेवावे: १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १८६३ चें गेटिसबर्ग येथील लिंकनचें लहानसें भाषण, आणि १८४५ सालीं प्रसिद्ध झालेलें फ्रेडरिक डग्लस यांचें आत्मचरित्र. आपला धनी धर्मनिष्ठ बनल्यावर अधिकच क्रूर झाला, असें डग्लस यांनीं त्यांत लिहिलें आहे. ख्रिस्ती शिक्षकास तें वाचतांना यातना होतात. म्हणूनच त्यानें तें वाचावें व वाचून दाखवावें. शेवटीं, एखादी एकच घटना दोन पुस्तकांत काढून विद्यार्थ्यांकडून ताडून पाहवावी. प्रत्येकानें काय सांगितलें व काय गाळलें, याचे दोन रकाने वहींत करावे. एवढ्या एका तासांत जें शिक्षण होतें, तें सनावळ्या घोकून होत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, परक्या देशाचे दोष शोधून आनंद मानावा, यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. जी मोजपट्टी आपण अमेरिकेच्या पुस्तकास लावूं, तीच आपल्या देशाच्या, आपल्या जातीच्या व आपल्या मंडळीच्या इतिहासासही लावावी लागेल. त्या वेळीं हात आंखडूं नये, म्हणून सराव दूरच्या पुस्तकावर करावयाचा.