इंजिन बंद, बातमी सुरू

विमान अजून हवेत होतं आणि ते पडल्याची बातमी जगभर पोचलीसुद्धा होती!

तारीख ४ नोव्हेंबर २०१०. सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या क्वांटासच्या ए-३८० विमानाचं एक इंजिन उड्डाणानंतर काही मिनिटांतच इंडोनेशियाच्या बाटम बेटावर फुटलं. तुकडे खाली वस्तीत पडले. लोकांनी ते उचलले, फोटो काढले, इंटरनेटवर टाकले. विमान कंपनीच्या रंगाचा तुकडा जमिनीवर दिसतोय म्हटल्यावर विमान कोसळलं असं लोक धरून चालले आणि बातम्याही तशाच सुटल्या. वर मात्र कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी आणि त्यांचे सहकारी उरलेल्या तीन इंजिनांवर समुद्रावर घिरट्या घालत होते आणि पडद्यावर येणारी पन्नासहून अधिक इशाऱ्यांची यादी एकेक करून निपटत होते. पुढे विमान सिंगापूरला उतरलं. ४६९ जणांपैकी कोणालाही खरचटलं नाही. गंमत पुढेच आहे: उतरल्यावर एक इंजिन बंदच होईना. तारा तुटल्या होत्या. अग्निशमन दलाने सुमारे तीन तास पाण्याचा आणि फेसाचा मारा केला, तेव्हा कुठे ते थांबलं.

हे सगळं घडलं कशामुळे? तेल वाहून नेणाऱ्या एका छोट्या नळीची भिंत बनवताना एका बाजूला पातळ राहिली होती. तिला तडा गेला, तेल गळलं, आग लागली आणि टर्बाइनची तबकडी फुटली. पंख्याचं पातं तुटलं तर इंजिनाचं कवच ते आतच अडवतं. मुद्दाम पातं तोडून तशी चाचणीच घेतलेली असते. तबकडीचे तुकडे मात्र अडवता येत नाहीत, तेवढं जाड कवच घेऊन विमान उडणार नाही. म्हणून तबकडी फुटूच नये यासाठी कारखान्यात जिवाचं रान करतात. ऑस्ट्रेलियाच्या तपास संस्थेचा अंतिम अहवाल २०१३ मध्ये आला. पहिल्या दिवशी सगळीकडे झळकलेल्या या घटनेतली ती पातळ नळी किती वाचकांपर्यंत पोचली असेल?

दोन इंजिनं पुरतात?

समुद्रावरच्या इंजिनबिघाडाच्या बातमीत हमखास एक वाक्य असतं: 'विमान एकाच इंजिनावर उडत होतं!' उद्गारचिन्हासकट. खरं तर दोन इंजिनांचं प्रवासी विमान एकावर उडू शकतं म्हणूनच त्याला परवाना मिळतो. प्रश्न एवढाच, की एका इंजिनावर किती वेळ उडायला परवानगी द्यायची.

अमेरिकेत १९५३ पासून नियम होता, दोन इंजिनांच्या विमानाने जवळच्या विमानतळापासून ६० मिनिटांपेक्षा लांब जायचं नाही. तो पिस्टन इंजिनांचा काळ, आणि ती इंजिनं खरोखरच वरचेवर बंद पडत. जेट इंजिनं आली आणि चित्र पालटलं. १९८५ मध्ये टीडब्ल्यूए कंपनीची बोइंग ७६७ विमानं अटलांटिक ओलांडू लागली. मर्यादा आधी १२० मिनिटं झाली, मग १८०. आज एअरबस ए-३५० ला ३७० मिनिटांपर्यंतचा परवाना आहे, म्हणजे एका इंजिनावर सहा तासांहून जास्त!

हे फुकट मिळत नाही. १८० मिनिटांच्या परवान्यासाठी इंजिन हवेत बंद पडण्याचं प्रमाण साधारण ५०,००० इंजिन-तासांत एकदा किंवा त्याहून कमी असावं लागतं. त्या मर्यादेच्या काठावर कोणी गेलंय का? हो. १७ मार्च २००३ रोजी ऑकलंडहून लॉस एंजेलिसला निघालेलं युनायटेडचं बोइंग ७७७ पॅसिफिकवर १७७ मिनिटं एका इंजिनावर उडलं आणि हवाईतल्या कोना इथे उतरलं. मला विचाराल तर या सगळ्या घटनांत सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. नाट्य काहीच घडलं नाही, म्हणून फारसं कोणाला आठवतही नाही.

आणि चार इंजिनांची विमानं? ए-३४० चं उत्पादन २०११ मध्ये थांबलं, शेवटचं बोइंग ७४७ जानेवारी २०२३ मध्ये ग्राहकाच्या हाती गेलं. महासागरांवर आता दोन इंजिनवाल्यांचंच राज्य आहे.

मुंबईमार्गे गेलेलं विमान

चारही इंजिनं एकदम बंद पडली तर? २४ जून १९८२ च्या रात्री ते घडलं. ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७. लंडन ते ऑकलंड हा लांबलचक मार्ग, त्यातला एक थांबा आपली मुंबई. क्वालालंपूरहून पर्थकडे जाताना जावाच्या दक्षिणेला काचेवर निळसर ठिणग्या नाचू लागल्या, केबिनमध्ये गंधकासारखा वास आला आणि एकामागून एक चारही इंजिनं थंड झाली. गालुंगुंग ज्वालामुखीची राख! कोरडी राख हवामानाच्या रडारवर दिसत नाही. ती इंजिनात वितळली आणि आतल्या भागांवर चिकटून बसली.

कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं की एक छोटी अडचण आहे, चारही इंजिनं बंद पडली आहेत, ती सुरू करण्याचा आम्ही आटोकाट प्रयत्न करतोय, तुम्ही फार काळजीत नसाल अशी आशा आहे. या निवेदनाला जगभरच्या वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं आणि ते योग्यच केलं, कारण घाबरलेल्या माणसांना खरं ते सांगायचं आणि तरीही त्यांचा धीर सुटू द्यायचा नाही, हे कसब दुर्मीळ आहे. सुमारे ३७,००० फुटांवरून विमान खाली येत राहिलं. साडेतेरा हजार फुटांच्या आसपास राखेच्या ढगातून बाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली. जकार्ताला उतरताना समोरची काच राखेने इतकी घासली गेली होती की धावपट्टी धड दिसत नव्हती. २६३ जण सुखरूप.

एक प्रवासी बेटी टूटेल यांनी या रात्रीवर पुस्तक लिहिलं, आणि पुढे त्याच विमानातल्या एका सहप्रवाशाशी लग्नही केलं! पण बातम्यांतून निसटलेली गोष्ट वेगळीच. तीन आठवड्यांच्या आत त्याच राखेत सिंगापूर एअरलाइन्सच्या ७४७ ची तीन इंजिनं बंद पडली. तेव्हा कुठे जग हललं. आज ज्वालामुखींच्या राखेवर नऊ केंद्रं चोवीस तास नजर ठेवून असतात.

'विमान दगडासारखं कोसळलं'

ही तर छापून छापून झिजलेली ओळ. इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगड होत नाही. उतारावर पायडल न मारता सायकल पुढे जाते तसं ते उंची खर्च करत पुढे सरकतं: एक किलोमीटर खाली येताना साधारण पंधरा किलोमीटर पुढे.

पुरावा हवा? २४ ऑगस्ट २००१. टोरंटोहून लिस्बनला जाणारं एअर ट्रान्सॅटचं ए-३३०. अटलांटिकवर इंधन गळून संपलं, दोन्ही इंजिनं बंद. १९ मिनिटं आणि सुमारे १२० किलोमीटर तरंगत ते अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळावर उतरलं. ३०६ जण वाचले. कॅप्टन रॉबेर पिशे एका रात्रीत नायक झाले. मग पत्रकारांनी त्यांचा भूतकाळ उकरला, अमली पदार्थांच्या वाहतुकीबद्दल भोगलेला तुरुंगवास छापला. मग तपास अहवाल आला, त्यात इंजिन बदलताना बसवलेल्या न जुळणाऱ्या भागाचा आणि गळती ओळखण्यात वैमानिकांकडून झालेल्या चुकीचाही उल्लेख होता. एकाच माणसाला आधी देव, मग गुन्हेगार आणि मग अपराधी करून बातमी मोकळी झाली. तो न जुळणारा भाग कसा बसला, याची चर्चा व्हायला हवी होती.

असलं क्षुल्लक दिसणारं कारण याआधीही तीन इंजिनं घेऊन गेलं होतं. ५ मे १९८३, मायामीहून नासाऊला जाणारं ईस्टर्नचं ट्रायस्टार, १७२ जण. तिन्ही इंजिनांच्या तेलाचा दाब शून्याकडे निघाला. वैमानिकांना वाटलं, तीनही एकदम कशी बिघडतील? काटेच चुकत असणार. काटे बरोबर होते! देखभालीत रबराच्या छोट्या कड्या बसवायच्याच राहिल्या होत्या, तिन्ही इंजिनांत. पाण्यात उतरण्याची तयारी करायला प्रवाशांना सांगून झालं होतं, तेवढ्यात आधी बंद केलेलं एक इंजिन पुन्हा सुरू झालं आणि त्याच्या जोरावर विमान मायामीला परत आलं. लांब समुद्री मार्गांच्या विमानांसाठी आता नियम आहे: एकाच माणसाने एकाच वेळी दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचं नाही.

चमत्कार, पण कोणाचा?

१५ जानेवारी २००९, न्यूयॉर्क, हडसन नदी. कॅनडा गूज जातीच्या पक्ष्यांनी दोन्ही इंजिनं निकामी केली, साडेतीन मिनिटांत विमान पाण्यावर, १५५ पैकी १५५ जिवंत. जगाने पाहिलेला पहिला गाजलेला फोटो मदतीला निघालेल्या फेरीबोटीतल्या प्रवाशाने ट्विटरवर टाकला होता. 'हडसनवरचा चमत्कार' हे नाव गव्हर्नर डेव्हिड पॅटरसन यांनी दिलं आणि तेच चिकटलं.

चमत्काराच्या मागे काय होतं ते तपासात दिसतं. इंजिनात सापडलेल्या पिसांची ओळख स्मिथसोनियन संस्थेत पटवली गेली, आणि ते पक्षी न्यूयॉर्कचे रहिवासी नसून दुरून आलेले स्थलांतरित होते, इथपर्यंत शोध गेला. आणखी एक बाब मला फार मोलाची वाटते. त्या विमानात तराफ्यासारख्या तरंगणाऱ्या घसरगुंड्या होत्या. त्या दिवशीच्या मार्गासाठी त्या सक्तीच्या नव्हत्याच; लांब समुद्री प्रवासाची सामग्री असलेलं विमान योगायोगाने तिथे आलं होतं. गोठवणाऱ्या पाण्यात माणसं त्यांच्यावर उभी राहिली. कॅप्टन सलेनबर्गर यांचं कौतुक व्हायलाच हवं, पण त्या घसरगुंड्यांची बातमी झाली असती तर नियमावर चर्चा झाली असती.

तपासाची चिकाटी कुठवर जाते याचा एक नमुना. ३० सप्टेंबर २०१७ ला एअर फ्रान्सच्या ए-३८० चं इंजिन ग्रीनलंडवर फुटलं. खाली पाणीच, पण गोठलेलं. पंख्याच्या मधल्या भागाचा तुकडा सापडेपर्यंत कारण कळणार नव्हतं. एकवीस महिन्यांनी, जुलै २०१९ मध्ये, तो सुमारे चार मीटर बर्फाखाली मिळाला. टायटॅनियममधला दोष सिद्ध झाला.

आपल्याकडेही इंजिनं बिघडतात. जुलै २०२५ मध्ये दिल्लीहून गोव्याला निघालेलं इंडिगोचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे मुंबईला वळवलं गेलं. वैमानिकाने 'पॅन-पॅन' असा संदेश दिला होता. त्याचा अर्थ तातडीची अडचण आहे, पण जिवाला लगेच धोका नाही. जिवावर बेतलं तर 'मेडे' म्हणतात. हा फरक बातमीत दोन ओळींत सांगता येतो. 'प्रवाशांचा जीव टांगणीला' लिहायला तेवढ्याच ओळी लागतात.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अपघाताचा प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत यायला हवा. भारताच्या तपास विभागाचे अहवालही संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. तेव्हा पुढच्या वेळी 'हवेत थरार' वाचलात की तारीख लिहून ठेवा आणि वर्षभराने अहवाल शोधा. आणि संपादकांनो, तो अहवाल येईल त्या दिवशी त्याला पहिल्या बातमीएवढीच जागा द्या.