विशेषणांचा संधिविग्रह

कौटिल्यानें राजनीतीचे जे सहा गुण सांगितले, त्यांत संधि व विग्रह हे पहिले दोन होत. राज्यें मैत्री करितात आणि मोडितात. परंतु त्यांजबरोबर वर्तमानपत्रांतील विशेषणेंही पक्ष बदलतात, हें आपल्या लक्षांत क्वचितच येतें. रशियाचा सर्वाधिकारी स्टालिन व अमेरिकेंतील नियतकालिकें यांचें उदाहरण या बाबतींत पाहण्याजोगें आहे.

'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकानें त्यास दोनदां वर्षाचा पुरुष म्हणून निवडलें: १९३९ साठीं व १९४२ साठीं. पहिल्या वेळचा स्टालिन म्हणजे ऑगस्ट १९३९ मध्यें हिटलरशीं करार करून नोव्हेंबरांत चिमुकल्या फिनलंडवर सैन्य घालणारा कपटी हुकूमशहा. २२ जून १९४१ रोजीं हिटलरनें रशियावरच स्वारी केली. डिसेंबरांत अमेरिकाही युद्धांत ओढली गेली. दुसऱ्या वेळीं तोच स्टालिन स्टालिनग्राड राखणारा खंबीर नायक ठरला. मार्च १९४३ मध्यें 'लाइफ' साप्ताहिकानें रशियावर विशेषांक काढला. मुखपृष्ठावर स्टालिनचें छायाचित्र होतें. आंत रशियाच्या गुप्त पोलिसांस अमेरिकेच्या मध्यवर्ती तपासखात्याच्या पंक्तीस बसविलें होतें! लोकांच्या तोंडीं तर तो 'जो काका' झाला होता.

१९३२-३३ च्या दुष्काळांत युक्रेनमध्यें लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं होतीं. १९३७-३८ मध्यें साडेसहा लाखांहून अधिक लोकांस देहांत शासन झालें होतें. तीं कांहीं १९४३ मध्यें जिवंत झालीं नव्हतीं. मित्राची निकड होती, म्हणून त्यांचें नांव कोणी घेतलें नाहीं. युद्ध संपलें, मार्च १९४६ मध्यें फुल्टन येथील भाषणांत चर्चिलनें 'पोलादी पडदा' हा शब्द उच्चारला, आणि काकाचा पुनः हुकूमशहा झाला.

यांत सारा दोष संपादकांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. रशियन सैनिकांचें शौर्य खरेंच होतें, आणि लढणाऱ्या राष्ट्रांतील वाचकही मित्राची निंदा ऐकण्यास राजी नसतो. परंतु सोयीचें तेवढें सत्य छापिल्यानें मेलेल्यांवर अन्याय होतो, आणि जिवंतांची समजूत कच्ची राहते.

व्याकरणांत विशेषण विशेष्याच्या मागें चालतें. संकटकाळीं वर्तमानपत्रांत तें लिहिणाऱ्याच्या गरजेमागें चालूं लागतें. म्हणून घरांतील मुलांस एक संवय लावावी, असें आम्ही सुचवितों. परक्या देशाच्या पुढाऱ्याचें विशेषण बदललेलें दिसतांच त्यांनीं विचारावें: त्याचें आचरण बदललें, कीं त्याजविषयीं लिहिणाऱ्यांची गरज?