अर्ध्या गुणाचे मोल

स्पर्धेहून परतलेल्या मुलाला घरात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘जिंकलास की हरलास?’ पोलादपूर-महाडकडून पहाटेची एस.टी. धरून बुद्धिबळ खेळायला गेलेले मूल ‘डाव बरोबरीत सुटला’ असे सांगते, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या मुद्रेवर किंचित निराशा उमटते. वास्तविक बरोबरीचा अर्धा गुण खात्यावर जमा झालेला असतो, आणि कधीकधी त्यावरच अजिंक्यपद ठरते.

जून २०२४ मध्ये गांधीनगर येथे २० वर्षांखालील मुलींची जागतिक कनिष्ठ अजिंक्यपद स्पर्धा झाली. नागपूरची दिव्या देशमुख ११ फेऱ्यांत १० गुण मिळवून विजेती ठरली. आर्मेनियाची मरियम मकर्तच्यान साडेनऊ गुणांसह दुसरी आली. दिव्याने ९ डाव जिंकले व २ बरोबरीत सोडवले. आता साधा हिशेब मांडावा. इतरांचे गुण तेच राहिले असते असे धरले, तर त्या दोन डावांपैकी एक हरल्यास गुण समसमान झाले असते. दोन्ही हरल्यास अजिंक्यपदच हातचे गेले असते.

बरोबरी ही केवळ परस्पर संमतीने होते असे नाही. तीच स्थिती पटावर तिसऱ्यांदा आली, किंवा दोघांच्या ५०-५० चालींत एकही प्यादे हलले नाही व एकही मोहरे मारले गेले नाही, तर खेळाडूला बरोबरी मागता येते. बाजू पडती असलेला खेळाडू अशाच वाटा शोधत तासन्‌तास झुंजतो.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दिव्यासमोर कोनेरू हंपी होत्या. त्यांनीही २००१ साली हेच कनिष्ठ अजिंक्यपद मिळवले होते. पहिल्या डावात दिव्याची विजयाची संधी निसटली व बरोबरी झाली. दुसरा डाव आणि त्यानंतरचा पहिला जलद डावही बरोबरीत सुटला. अखेर चौथा डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकून १९ वर्षांची दिव्या विश्वचषकाची मानकरी झाली, आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टरही. तीन वेळा अर्ध्या गुणावर समाधान मानूनही तिचा धीर सुटला नव्हता.

म्हणून बरोबरी करून आलेल्या मुलाला जय-पराजय विचारण्याऐवजी पट पुढे ठेवावा आणि म्हणावे, ‘तो डाव कसा राखलास, ते दाखव पाहू.’