जर्मनीतली पत्तानोंदणी: ऐकीव काय, खरं काय

जर्मनीला शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या माणसाला विमानात बसायच्या आधीच सल्ल्यांचा ढीग मिळालेला असतो. सिनिअर सांगतात, मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे लोक सांगतात, कुणाचा तरी मावसभाऊ सांगतो. त्यात बराचसा भाग ‘आन्मेल्डुंग’चा, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद करण्याचा असतो आणि तो हमखास अर्धवट असतो. या अर्धवट माहितीपायी नव्या मुलांच्या पगारातून जास्तीचा कर कापला जातो, चुकीचं घर गळ्यात पडतं, दंडाच्या धास्तीत दिवस जातात. हे सगळं टाळता येण्यासारखं आहे.

“व्हिसा मिळालाय, मग पुन्हा नोंदणी कशाला?” सगळ्यात आधी हा समज जायला हवा. व्हिसा परक्या देशातून येणाऱ्यासाठी असतो. पत्त्याची नोंद जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाला करावी लागते, जर्मन नागरिकालासुद्धा. म्युनिकमध्ये जन्मलेला माणूस बर्लिनला राहायला गेला, तरी त्याची यातून सुटका नाही. 1 नोव्हेंबर 2015 पासून यासाठी देशभर एकच कायदा लागू आहे. आपल्याकडे आधारवर गावाकडचा पत्ता ठेवून वर्षानुवर्षं पुण्यात राहता येतं, तसं तिथे चालत नाही. आणि नोंद झाली म्हणजे राहण्याचा परवाना मिळाला, असंही नाही. नोंद ‘ब्युर्गरआम्ट’मध्ये होते, काही शहरांत त्यालाच ‘ब्युर्गरब्युरो’ म्हणतात. परवान्याचं काम परदेशी नागरिकांसाठीच्या वेगळ्या कार्यालयाचं आहे आणि तिथला अर्ज व्हिसाची मुदत संपण्याआधी करावाच लागतो.

मुदतीबद्दलही गोंधळ असतो. नोंदणीसाठी मिळणारे दोन आठवडे मोजायचे ते विमान उतरल्यापासून नव्हे, घरात राहायला गेल्यापासून. एरवी परदेशात राहणारा माणूस जर्मनीत तीन महिन्यांपर्यंत तात्पुरता आला असेल, तर त्याला नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे नातवंडाच्या ओढीने दोन महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांना घेऊन कार्यालयाकडे धावायचं कारण नाही.

“चौदा दिवस उलटले की दंड ठरलेला.” कायद्यात 1,000 युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे हे खरं, पण तो आपोआप लागत नाही. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंटच मुदतीत मिळत नाही, हे कार्यालयांनाही ठाऊक असतं. आपण वेळेत खटपट केली होती हे दाखवता आलं पाहिजे, म्हणून बुकिंगचा ई-मेल जपून ठेवा. बर्लिनमध्ये शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये नोंद करता येते, आपल्याच भागातलं हवं असं नाही. “आता सगळं ऑनलाइन झालंय” यावर मात्र विसंबू नका. ऑनलाइन सोय आधीपासून जर्मनीत नोंद असलेल्यांसाठी आहे. परदेशातून पहिल्यांदा येणाऱ्याला पासपोर्ट घेऊन स्वतः जावं लागतं.

खरा घोळ घराच्या कागदाचा. “भाडेकरार दाखवला की झालं,” असं सर्रास सांगितलं जातं. भाडेकरार पुरत नाही. घर देणाऱ्याने सही केलेलं वेगळं पुष्टिपत्र लागतं. एकाच पानाचा फॉर्म असतो: घर देणाऱ्याचं नाव, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख, राहणाऱ्यांची नावं. पोटभाडेकरू असाल तर मूळ भाडेकरूही तो देऊ शकतो. आणि ही मेहेरबानी नव्हे. पुष्टिपत्र देणं कायद्याने घर देणाऱ्यावर बंधनकारक आहे. त्याने नकार दिला तर ती गोष्ट लगेच ब्युर्गरआम्टला कळवायची असते. पुढचं ते त्याच्याशी बघून घेतात. नवीन मुलांना हे माहीतच नसतं, म्हणून ती घरमालकापुढे हात जोडत बसतात. “खोली मिळेल, पण आन्मेल्डुंग होणार नाही,” अशा जाहिरातीतली खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. राहत्या घराची नोंद करणं ही तुमची जबाबदारी आहे. मालकाने नाही म्हटलं म्हणून ती टळत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे, “मित्राच्या पत्त्यावर नोंद करून टाकू.” जिथे आपण राहत नाही आणि राहायला जाणारही नाही, तिथली नोंद खोटी ठरते. असा पत्ता वापरायला देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. मदत करायला पुढे आलेल्या मित्राला आपण कशात ओढतोय, याचा विचार आधी करावा.

“नोंद केली की टॅक्स नंबर तिथल्या तिथे मिळतो.” तसं होत नाही. अकरा आकडी कर-क्रमांक केंद्रीय कर कार्यालय पोस्टाने पाठवतं आणि त्याला काही आठवडे लागतात. इथे एक साधी गोष्ट कुणी सांगत नाही. जर्मनीत पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. इमारतीच्या दाराशी पत्रपेट्यांची रांग असते, पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो आणि पत्र टाकतो. आडनाव नसेल तर पत्र परत जातं. नुकत्याच राहायला आलेल्याच्या पेटीवर बऱ्याचदा आधीच्या भाडेकरूचंच नाव असतं. तेव्हा सामान उघडण्याआधी पेटीवर आणि बेलवर पासपोर्टमधलं आडनाव चिकटवा, साध्या कागदावर लिहिलेलं असलं तरी चालेल. क्रमांक मिळाला नाही म्हणून पगार अडत नाही. नोकरी देणारा तीन महिन्यांपर्यंत अंदाजाने कराचा योग्य वर्ग धरून कर कापू शकतो. एरवी सहाव्या, म्हणजे सगळ्यात जड वर्गाने कापला जातो. जास्तीचे पैसे नंतर परत मिळतात, पण सुरुवातीच्या ओढगस्तीत ते हातात नसतात.

फॉर्म भरताना नावाकडे नीट लक्ष द्या. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते जर्मन नोंदीत तुमचंच दुसरं नाव म्हणून जातं. लग्नाआधीच्या आडनावाचा रकाना वेगळा असतो. पुढे बँक, विमा, नोकरी सगळीकडे हेच स्पेलिंग चालवावं. विवाहित असाल तर लग्नाच्या दाखल्याचं अधिकृत अनुवादकाने केलेलं जर्मन भाषांतर सोबत ठेवा, कारण कराचा वर्ग त्यावर ठरतो. “अपोस्टिल केलं की काम झालं,” असं एजंट सांगतात. पण अपोस्टिल ज्या आंतरराष्ट्रीय कराराखाली होतं, त्यातल्या भारताच्या सहभागाला जर्मनीने आक्षेप घेतलेला आहे. म्हणून पैसे घालवण्यापूर्वी आपल्या शहरातल्या कार्यालयाला काय हवं, ते विचारून घ्या.

“धर्माच्या रकान्यात काहीही लिहा, काय फरक पडतो?” वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक माणसाला फरक पडतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सदस्य म्हणून नोंद झाली, की पगारातून चर्च-कर कापला जातो. तो पगाराच्या नव्हे, प्राप्तिकराच्या 9 टक्के असतो. बायर्न आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्यांत 8 टक्के. बाप्तिस्मा झालेला माणूस चर्चचा सदस्य मानला जातो आणि कर टाळायचा असेल तर सरकारी कार्यालयात रीतसर चर्च सोडल्याचं लिहून द्यावं लागतं. हा निर्णय ज्याचा त्याने करावा, पण पगाराच्या पावतीवर ती कपात बघून दचकण्याची वेळ येऊ नये. हिंदू, बौद्ध, जैन, मुस्लिम यांना हा कर लागत नाही.

नोंदणीनंतर थोड्याच दिवसांत प्रसारण शुल्काचं पत्र येतं. “आमच्याकडे टीव्हीच नाही,” म्हणून लोक ते फेकतात, काहींना ती फसवणूक वाटते. पत्र खरं असतं. 2013 पासून हे शुल्क टीव्हीवर नव्हे, घरावर आहे. 2021 पासून ते महिन्याला 18.36 युरो आहे. घरटी एकच, माणशी नाही. चौघं मिळून राहत असाल तर एकाने भरायचं आणि बाकीच्यांनी त्याचा शुल्क-क्रमांक कळवून मोकळं व्हायचं.

जाताना काय? एका जर्मन शहरातून दुसऱ्यात गेलात तर जुनी नोंद वेगळी रद्द करावी लागत नाही, नव्या नोंदीबरोबर ती आपोआप जाते. देश सोडत असाल तर मात्र ‘अब्मेल्डुंग’, म्हणजे नोंद रद्द करणं, हवं. ते लवकरात लवकर घर सोडण्याच्या आठवडाभर आधी आणि उशिरात उशिरा घर सोडल्यानंतर दोन आठवड्यांत करता येतं. त्याचा दाखला मिळाला की प्रसारण शुल्क कार्यालयाला वेगळं कळवावं. एवढं राहिलं, तर माणूस पुण्यात पोचतो आणि थकबाकी तिकडे वाढत राहते.