मुळांचा पैगाम, जिवाणूंचा जवाब

गेल्या रब्बीत माझे मामू हरभऱ्याच्या रानात हैराण होऊन उभे होते. पेरणी वेळेवर झाली होती, पाणीही पुरेसे होते, तरी झाडे पिवळी. बियाण्याला जिवाणू खतही चोळले होते. एक झाड मातीसकट उपटून मुळे धुतली, तर गाठी जवळपास नव्हत्याच. घरी येऊन रिकामे पाकीट पाहिले. त्यावर छापले होते, ‘सोयाबीन’. खरिपात उरलेले पाकीट त्यांनी हरभऱ्याला वापरले होते. शिवाय त्या रानात हरभरा पहिल्यांदाच पेरला होता.

“जिवाणू ते जिवाणू, त्यात काय फरक?” मामूंनी विचारले.

फरक आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण झाडांना तो थेट घेता येत नाही. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम गटातील जिवाणू त्याचा अमोनिया करून देतात. बदल्यात झाड त्यांना अन्न पुरवते. 1888 मध्ये बायरिंक या डच शास्त्रज्ञाने हे जिवाणू गाठींतून वेगळे करून वाढवले.

पण मातीत असंख्य जिवाणू असतात, रोग आणणारेही. त्यांतून मूळ आपला साथीदार ओळखते कसे?

आपल्या घरांत रिश्ता जुळतो तसेच. आधी पैगाम, मग जवाब, मग चौकशी. नायट्रोजन कमी पडला की मुळे फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्ये मातीत सोडतात. प्रत्येक पिकाचे मिश्रण थोडे निराळे असते. ते ज्या जिवाणूला कळते, त्याची काही जनुके जागी होतात आणि तो ‘नॉड घटक’ नावाचा रेणू सोडतो. हा त्याचा जवाब. या रेणूचा कणा साधारण सारखा असतो, पण त्यावरची जोडणी प्रत्येक जातीत वेगळी. मुळाच्या पेशींवरील प्रथिने हीच खूण तपासतात. 2003 मध्ये लोटस या छोट्या शेंगावर्गीय वनस्पतीत अशी दोन प्रथिने सापडली.

खूण पटली की मुळावरील बारीक केस वळून जिवाणूला कवेत घेतो. आत एक नळी तयार होते, तिच्यातून जिवाणू शिरतो आणि गाठ धरते. नंतरही झाड गाफील राहत नाही. नायट्रोजन न देणाऱ्या गाठींचा प्राणवायू सोयाबीन कमी करते, असे प्रयोगांत दिसले आहे.

सोयाबीनचा साथीदार ब्रॅडिरायझोबियम, हरभऱ्याचा मेसोरायझोबियम. म्हणून मामूंचा पैसा आणि मेहनत दोन्ही वाया गेले.

पाकीट घेताना पिकाचे नाव आणि अंतिम तारीख वाचा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू खत सगळ्यात शेवटी. बियाणे सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. युरिया भरमसाट टाकू नका. मातीत आयता नायट्रोजन मिळाला की झाड पैगामच धाडत नाही. महिना-सव्वा महिन्याने एक गाठ कापून पाहा. आत गुलाबी रंग दिसला तर काम सुरू आहे.

दाणा आणि कोय फोडून अंकुर काढणाऱ्या अल्लाहचा उल्लेख सूरह अल-अनआममध्ये आहे. तो आपण अनेकदा वाचतो. यंदा पेरणीनंतर मुलांना रानात न्या, एक झाड अलगद उपटा आणि त्या गुलाबी गाठी त्यांना दाखवा. मामूंनी या रब्बीसाठी पाकीट आणले आहे. नाव त्यांनी दोनदा वाचून घेतले.