दोन दिवसांची सहल : मुलांना घेऊन कोल्हापूर



२६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की विचारणा सुरू होते, "बाई, मुलांना घेऊन कुठे जावं?" मी कोल्हापूर सुचवते. शहर फार मोठं नाही, आणि चौथीच्या इतिहासातला पन्हाळा तिथून जेमतेम वीस किलोमीटरवर आहे.

पन्हाळ्यावर सगळे पॉइंट धावत बघू नका. अंबरखान्यालाच तासभर द्या. आत जाण्याआधी मुलांना एकच प्रश्न विचारा : १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडला होता, तेव्हा गडावरचे लोक खात काय होते? मग गंगा कोठीत न्या. मुलांना पावलांनी लांबी मोजू द्या, भिंतीची जाडी वितीने मोजू द्या. वर छताला चौकोनी भोकं दिसतील. ती कशासाठी, हे लगेच सांगू नका हं! धान्य वरून ओतायचे, हे बरीच मुलं स्वतःच ओळखतात. पुस्तकातला 'वेढा' हा शब्द तिथे खरा कळतो. नंतर तीन दरवाजा आणि अंधारबाव पाहा, तेवढं पुरे.

दुसरी जागा गुऱ्हाळ. गूळ कुठून येतो म्हटलं की आपली मुलं 'दुकानातून' म्हणतात. दिवाळीनंतर साधारण फेब्रुवारी-मार्चपर्यंत आसपासच्या गावांत गुऱ्हाळं चालू असतात. ओळखीतून किंवा रस्त्यावर विचारून आधी परवानगी घ्या. चरकातून रस निघतो, मोठ्या काहिलीत उकळतो, भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते, ती काढत राहतात. पाक तयार झाला की नाही हे गुळव्या पाण्यात थेंब टाकून, हाताने बघून ठरवतो. तिथे थर्मामीटर नसतो. पाचवीच्या पुढच्या मुलांना विचारा, रसातलं पाणी गेलं कुठे? बाष्पीभवनाचा धडा तिथेच होतो. पण लहान मुलांचा हात सोडू नका, काहिलीजवळ तर अजिबात नाही.

कणेरी मठावरचं ग्रामजीवनाचं म्युझियम सगळ्यांनाच आवडतं, मात्र पुतळे इतके आहेत की मुलं नुसती फोटो काढत पुढे जातात. प्रत्येकाला एक बलुतेदार वाटून द्या आणि त्याच्या हातातल्या अवजाराचं चित्र वहीत काढायला सांगा.

शहरात शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान जरूर बघा. गोल आणि उतरतं आहे, त्यामुळे मागे बसलेल्यालाही मधला हौदा दिसतो. एका मुलाला खाली आणि एकाला सगळ्यात वर बसवा, म्हणजे पटेल. एखाद्या तालमीत सकाळी लवकर गेलात तर पैलवान सराव करताना दिसतील. चपला बाहेर काढायच्या आणि विचारूनच आत जायचं. संध्याकाळ रंकाळ्यावर. तिथे भेळ खाताना मात्र काही शिकवू नका, मुलांना खेळू दे.